सर्कशीत मारहाण थांबवली, तर प्राणी ठेवायला हरकत काय?

प्रश्न असा आहे: "मारहाण बंद केली, पोटभर खायला दिलं, कायमचा डॉक्टर ठेवला, तरी सर्कशीत हत्ती-घोडे नकोत असं का म्हणतात? त्यांना नेमका त्रास कशाचा होतो?"

पायांचा. मी हत्तींच्या पायांचं काम करतो, त्यामुळे हे उत्तर एकांगी वाटलं तर वाटू दे.

अंकुश आणि चाबूक यांवर लोक इतकं बोलतात की बाकीचं कुणाला दिसतच नाही. कानामागचा अंकुशाचा व्रण फोटोत येतो, म्हणून त्याची चर्चा होते. पण जरा हिशेब मांडा. दिवसाला तीन खेळ, हत्तींचा आयटम फार तर दहा मिनिटांचा, म्हणजे रिंगणातला वेळ झाला अर्धा तास. उरलेले साडेतेवीस तास हत्तीण काय करते? उभी असते. (सर्कशीत बहुतेक माद्याच, मस्तावर आलेला नर तंबूशेजारी सांभाळणं कुणाच्या बापाला जमत नाही.) ती कशावर उभी आहे, केवढ्या साखळीवर आहे आणि पायाखाली ओल किती आहे, यावर तिची पुढची वीस वर्षं ठरतात.

हत्ती सपाट पायाचा दिसतो, पण आतल्या हाडांकडे पाहिलं तर तो बोटांवर चालतो. टाचेच्या जागी चरबी आणि तंतूंची जाड गादी असते. वजन पडलं की गादी पसरते, पाय उचलला की आक्रसते. म्हणून तर चिखलात रुतलेला पाय तो सहज उपसतो, आणि पायातलं रक्तही त्यानंच खेळतं राहतं. तळव्याची जाड कातडी आणि नखं सतत वाढत असतात. रानातला हत्ती वाळू, मुरूम, चिखल, खडक असा रोज मैलोनमैल फिरतो, त्या चालण्यानं ती झिजतात. चालणं काढून घेतलंत तरी वाढ थांबत नाही.

सर्कशीतली बांधायची रीत ठरलेली: पुढचा एक पाय आणि त्याला तिरका पडणारा मागचा एक पाय. माहूत चांगला असेल तर दुसऱ्या दिवशी पाय बदलतो, नसेल तर साखळीखाली केस झडून कातडीला घट्टा पडतो. एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे, एवढीच मोकळीक. एक हत्ती दिवसाला क्विंटलभर लीद टाकतो आणि पन्नासेक लिटर मुततो, ते सगळं त्याच जागी. तळवा चोवीस तास ओला, त्यामुळे आधी मऊ, मग भेगाळलेला. आणि जागच्या जागी डोलणं सुरू झालं की वजन एका बाजूच्या बोटांवरून दुसऱ्या बाजूच्या बोटांवर सतत जात राहतं. पुढच्या पायाच्या बाहेरच्या बाजूच्या नखांवर तसाही दाब जास्त असतो. पहिली भेग तिथंच सापडते.

सर्कशीतून आलेल्या एका हत्तिणीचा पुढचा डावा पाय कसा होता ते सविस्तर सांगतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, वजन तीन टनांच्या जरा खाली. लांबून पाहिलं तर नाव ठेवायला जागा नव्हती. अंगाला तेल चोळलेलं, नखं पांढऱ्या रंगानं रंगवलेली. नखांना रंग दिसला की मी आधी रंग उतरवायला सांगतो. तारपीन नाही, कोमट पाणी आणि ब्रश; वेळ लागला तरी चालेल. रंगाखालून बाहेरच्या बाजूच्या नखाला उभी भेग निघाली, खालच्या काठापासून वर कातडीच्या दोन बोटं अलीकडंपर्यंत. नखाच्या मुळाशी जी कातडी असते तिच्या गोधडीच्या दशांसारख्या झिरमिळ्या झाल्या होत्या. हत्तीला घाम येतो तो जवळपास तेवढ्याच जागी, नखांच्या मुळाशी. त्या झिरमिळ्यांखाली घाम आणि माती साचून ती जागा नासते. दोन नखांमध्ये बोटभर फट हवी. इथं ती एकमेकांवर चढली होती.

"पाय दे" म्हटल्यावर तिनं पाय लाकडी ओंडक्यावर ठेवला. सवयीनं ठेवला, ते शिक्षण सर्कशीचंच, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तळव्यावर अंगठ्यानं जरा जरा अंतरानं दाबत गेलं की कुठं दुखतं ते ती स्वतः सांगते: कान थबकतात, सोंडेचं टोक हाताजवळ येतं. टाचेकडच्या बाजूला एक काळा ठिपका होता, तुरीच्या दाण्याएवढा. असे ठिपके कधीच नुसते ठिपके नसतात. बोथट सळई आत घातली तर ती बोटाच्या दोन पेरांएवढी गेली. वरचा पापुद्रा नालबंदाच्या वाकड्या सुरीनं उचलला, तर आधी वास आला, मग राखाडी पाणी, मग पू, आणि सगळ्यात शेवटी खडीचा एक तुकडा. किती मुक्काम तो तिच्याबरोबर हिंडला असेल, देव जाणे.

इथं नवखे लोक एकच चूक करतात. सगळी घाण एका दिवसात काढायला जातात. तळवा तासताना खालची कातडी गुलाबी दिसायला लागली किंवा अंगठ्याखाली दबायला लागली की सुरी खाली ठेवायची. त्यापुढे गेलात तर हत्ती तापलेल्या तव्यावर चालल्यासारखा चालतो, आतली गादी ठेचाळते आणि जिथं एक गळू होतं तिथं तीन होतात. थोडं थोडं, दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं काढायचं. सुरीनंतर कानस, नखाचा काठ गोल करायला. भेग वर सरकत असेल तर तिच्या वरच्या टोकाशी आडवी खाच पाडायची, म्हणजे ती तिथं थांबण्याची शक्यता वाढते. गळवाचं तोंड खालून उघडं ठेवायचं. वरून बुजवलंत तर पू वर चढतो आणि नखाच्या मुळाशी फुटतो.

मग रोजचं भिजवणं. घमेल्यात कोमट पाणी आणि मॅग्नेशियम सल्फेट, किंवा पोव्हिडोन आयोडीन पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येईपर्यंत. पंधरा ते वीस मिनिटं. नंतर पाय कोरडा करायचा. हे कोरडं करणं सगळे विसरतात, आणि निम्मं औषध तिथं वाया जातं. बँडेज टिकत नाही, ती सोंडेनं सोडवते. कॅनव्हासचा किंवा जाड कातड्याचा बूट करून घोट्याला पट्टा लावला तर जखम दोनेक तास तरी स्वच्छ राहते. आठवडे उलटूनही पू थांबत नसेल तर बोटाच्या हाडाचा एक्स-रे काढलाच पाहिजे. हाड सडायला लागलं असेल तर मग गोष्ट महिन्यांची राहत नाही, वर्षांची होते, आणि पुष्कळदा त्यातच हत्ती जातो. माणसाच्या ताब्यातले हत्ती मोठ्या संख्येनं मरतात ते पायाच्या दुखण्यानं आणि सांध्यांनी. पेपरात मात्र "वृद्धापकाळाने" असं छापून येतं.

तिच्या जुन्या मॅनेजरशी माझा एक वाद झाला होता. त्याचं म्हणणं: "आम्ही दिवसाला दीडशे-दोनशे किलो वैरण घालत होतो, डॉक्टर ठेवला होता, अंकुश नुसता दाखवायला. पोटच्या पोरीसारखी सांभाळली." खोटं बोलत नव्हता तो. खायला खरंच घातलं होतं. पण पायाला काय हवं असतं? कोरडी, मऊ जमीन. रोज काही किलोमीटर चालणं, तेही एकसारख्या जमिनीवर नव्हे. रात्री साखळी सुटलेली. टेकून झोपायला वाळूचा उतरता ढीग. आणि दर थोड्या दिवसांनी तोच माणूस, तीच सुरी. यातलं एक तरी तीन-चार आठवडे भाड्यानं घेतलेल्या मैदानावर करता येतं का? तिथं खणता येत नाही, वाळूचे ट्रक टाकता येत नाहीत, हत्ती मोकळा सोडला तर पोलीस येतात. मैदान मिळतं तेही बहुधा खडी पसरून रोलर फिरवलेलं. हा मालकाच्या स्वभावाचा प्रश्नच नाही. सर्कस फिरती आहे, आणि पायाला लागतं ते सगळं एका जागी राहूनच देता येतं.

क्षयाचंही तसंच. हत्तीला माणसाचाच क्षय होतो आणि त्याच्याकडून परत माणसाला होऊ शकतो. तंबूमागे दाटीनं राहणारी माणसं आणि त्यांच्यातच बांधलेला हत्ती, म्हणजे दोघांनाही धोका. तपासायचं कसं? सोंडेत ६० मिलिलिटर निर्जंतुक सलाइन सोडायचं, सोंड वर धरायला लावायची, मग खाली करून ते पाणी स्वच्छ पिशवीत घ्यायचं. असं वेगवेगळ्या तीन दिवशी. प्रयोगशाळेत जंतू वाढतायत का हे कळायला आठ आठवडे लागू शकतात. तोवर सर्कस दोन गावं पुढे गेलेली. शिवाय जंतू रोज बाहेर पडत नाहीत, त्यामुळे "निगेटिव्ह" कागदावर विसंबता येत नाही, परत तपासावं लागतं. परत तपासायला मुळात त्याच डॉक्टरकडे तोच हत्ती असायला हवा.

रिंगणातल्या कामाबद्दल एकच सांगतो. दोन पायांवर उभं राहणं, स्टुलावर बसणं, डोक्यावर उभं राहणं, यात तीन टन वजन जे सांधे त्यासाठी घडलेले नाहीत त्यांच्यावर येतं. रोज तीनदा, वर्षानुवर्षं. पन्नाशीला आलेल्या हत्तिणीचा मागचा गुडघा वाकत नसेल तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

आता कायदा, थोडक्यात. १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम २२ सरकारला अमुक प्राणी खेळात वापरू नका असं सांगायचा अधिकार देतं. १९९१ ला पहिली अधिसूचना निघाली, ती कोर्टात अडकली. १९९८ ला नवी निघाली: अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह बंद. सर्कसवाले केरळ उच्च न्यायालयात हरले आणि २००१ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयातही हरले. हत्ती त्या यादीत नव्हता. तो पुढे वन्यजीव कायद्याच्या वाटेनं, केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेच्या नियमांतून बाहेर पडत गेला. २००१ च्या नियमांत बाकीच्यांसाठी अटी आल्या: रस्त्यानं सलग आठ तासांपेक्षा जास्त प्रवास नको, दहा किंवा जास्त प्राणी असतील तर पगारी पशुवैद्य, आग जवळ नको, दिव्यांचा उजेड मर्यादेत. नियम वाईट नाहीत. पण तपासायला येणारा माणूस दिवे मोजतो, पिंजऱ्याची लांबी मोजतो, रजिस्टर बघतो. हत्तीचा पाय उचलायला लावून तळवा बघणारा तपासनीस विरळा.

आणि बंदी आली म्हणजे सुटलो असं ज्यांना वाटतं त्यांच्यावर माझा तेवढाच राग आहे. सर्कशीतले शेकडो सिंह-वाघ बन्नेरघट्टा, विशाखापट्टणम, तिरुपती, वंडलूर इथल्या बचाव केंद्रांत आणून ठेवावे लागले. त्यातले बरेच सिंह आफ्रिकी आणि गीरच्या सिंहांचा संकर, म्हणजे जंगलात सोडायचे नाहीत आणि पैदास करायची नाही. मरेपर्यंत सांभाळायचे. पुष्कळांच्या हाडांत लहानपणीच्या नुसत्या मांसाच्या खुराकाची खूण होती. बछड्याला हाडाशिवाय मांस घातलं तर कॅल्शियम मिळत नाही, शरीर ते स्वतःच्या हाडातून काढतं आणि पाय वाकतात. सिंह वीसेक वर्षांत जातो. हत्ती साठी ओलांडतो. त्याच्या सुटकेचा फोटो एका दिवसाचा असतो, सुरी-कानस-घमेलं रोजचं असतं, आणि देणग्या फोटोला येतात.

घोड्यांचं विचारलंयत. आपल्याकडची पहिली सर्कस एका घोडेवाल्यानंच काढली, विष्णुपंत छत्र्यांनी, १८८० साली, त्यामुळे घोडा म्हटलं की सर्कसवाल्यांचा ऊर भरून येतो. घोडा चालायला, पळायला, माणसाबरोबर काम करायला तयार असतो, हे खरं. अडचण दोन ठिकाणी. रिंगण जगभर ४२ फूट व्यासाचं, म्हणजे १३ मीटरच्या आत. उभ्या माणसाला दौडत्या घोड्याच्या पाठीवर तोल राखायला तेवढा वेढा सोयीचा पडतो, म्हणून. घोड्याच्या सांध्यांना तो सोयीचा नाही, आणि खेळात तो एकाच बाजूनं धावतो. मोतद्दारानं, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्यानं, सकाळच्या फेऱ्या उलट्या बाजूनं घेतल्या तर नुकसान कमी होतं. दुसरी अडचण ट्रक. आगाडी, म्हणजे पुढची दोरी, आखूड बांधून डोकं वर ठेवलेला घोडा नाका-घशातला कफ खाली सोडू शकत नाही. तसेच दहा-बारा तास गेले तर कफ छातीत उतरतो आणि मुक्कामाला पोचल्यावर दोन-तीन दिवसांत ताप चढतो. लोक म्हणतात, "हवापाणी बदललं." हवापाणी कुठलं, दोरी आखूड होती! दर चार-पाच तासांनी थांबून दोर सैल करायचा आणि गवत जमिनीवर टाकायचं, म्हणजे मान खाली जाते. तोंडाला तोबऱ्याची पिशवी लटकवली तर हा फायदा मिळत नाही. पाणी आधी पाजायचं, चंदी पोचल्या पोचल्या नाही. थकलेल्या, तहानलेल्या घोड्याला पोटभर दाणा म्हणजे पोटशुळाला आमंत्रण. एवढं पाळणारा मालक असेल तर घोड्याबद्दल माझा हट्ट नाही. उंटाला बहुतेक हेच लागू. कुत्रा मालकाच्या खाटेखाली झोपत असेल आणि दुपारी त्याला पत्र्याच्या पिंजऱ्यात कोंडत नसतील, तर त्याचं बरं चाललंय.

२०१८ च्या नोव्हेंबरात केंद्रानं सर्कशीत कुठलाच प्राणी नको असा नियमांचा मसुदा काढला होता, त्यात हा फरक केलेला नव्हता. मी केला असता.

एक मान्य करायला हवं. मी ज्या माहुतांबद्दल वर बोललो ते हत्तीच्या शेजारी त्याच चिखलात झोपत होते, आणि त्यांच्याही पायांना चिखल्या होत्या. आणि देवळाच्या दगडी फरशीवर वर्षभर बांधलेल्या हत्तीचा पाय सर्कशीतल्या पायापेक्षा चांगला असतो असं नाही, कधीकधी जास्त खराब असतो. निदान सर्कशीतल्याला पाय द्यायला शिकवलेलं असतं.

हत्ती कुठंही पाहिलात, देवळात, छावणीत, मिरवणुकीच्या आधी, तर अंग धुण्यापूर्वी पहाटे जा. दोन्ही कुशी बघा. कुशीवर माती किंवा लीद लागलेली असेल तर तो रात्री आडवा झाला होता. एकाच कुशीवर सतत लागत असेल तर एका बाजूचा सांधा दुखतोय. कित्येक दिवस दोन्ही कुशी कोऱ्या असतील तर तो आडवा होतच नाही, कारण उठता येणार नाही याची त्याला भीती आहे. मग तो भिंतीला टेकून किंवा सोंड जमिनीवर टेकवून डुलक्या काढतो.

त्या मॅनेजरचा यावरही वाद होता. "हत्ती उभ्यानंच झोपतात," म्हणे. "तीस वर्षांत हिला मी आडवी पाहिलेली नाही." उभ्यानं डुलकी काढतात, गाढ झोप मात्र आडवं होऊनच. त्या हत्तिणीसाठी वाळूचा उतरता ढीग केला होता, तिच्या खांद्याच्या जरा खाली येईल एवढा, म्हणजे उठताना अर्धं अंतर आधीच उठलेलं असतं. पहिले दहा दिवस ती नुसती त्याला पाठ लावून उभी राहायची. अकराव्या दिवशी पहाटे तिच्या उजव्या कुशीवर कानापासून शेपटीपर्यंत वाळू होती.